चिनी कथा-कादंबऱ्यांतलं गाव वाचायचं कसं? तिथं जात नसते, मग उतरंड कशावर ठरते?

तुमचा प्रश्न असा आहे: लू शुन आणि मो यान इंग्रजीतून वाचताना गोष्ट कळते, पण गावात वरचा कोण, खालचा कोण, कोण कुणाला का बिचकतं ते लागत नाही. आपल्याकडं जात कळली की निम्मं गाव कळतं, तिथं तसं काय धरायचं?

माझं उत्तर: जागा धरा. कोण कुठं बसतो, कुणाला कुठल्या दारातून आत घेतात, कोण गावाच्या कुठल्या टोकाला राहतो, कोण घर सोडून कुठं गेला. चिनी लेखक गावाची उतरंड क्वचितच सांगतात. ती ते भिंती, उंबरठे, ओटे, देवळं आणि रस्ते यांतून दाखवतात. त्यामुळं वाचताना हाताशी कागद ठेवा आणि गावाचा नकाशा काढत चला. पूर्वजांचं देवघर (कुळाचं सामाईक सभागृह, आपल्या घरातल्या देव्हाऱ्याएवढं नव्हे), भूमिदेवाचं देऊळ, मोठं झाड, खळं, बाजाराचा रस्ता, मोठ्या घराचं फाटक एवढं मांडलं की पुरे. मग प्रत्येक पात्रासमोर ते कुठपर्यंत जाऊ शकतं आणि कुठं अडवलं जातं, हे लिहा. गोष्टीच्या शेवटी नकाशात काय बदललं ते बघा.

सरावासाठी लू शुनची 1919 ची 'कुंग यीजी' घ्या. जेमतेम चार-पाच पानांची आहे. दारूच्या दुकानात काटकोनी गल्ला, त्याचं तोंड रस्त्याकडं. आखूड सदऱ्याचे कष्टकरी गल्ल्याशी उभ्यानं पितात. वीस वर्षांपूर्वी वाटी चार पैशांना होती, आणखी एक पैसा टाकला तर खारवलेले बांबूचे कोंब नाहीतर बडीशेपेच्या वासाचे दाणे मिळायचे. लांब अंगरख्याचे लोक आतल्या खोलीत जातात, बसतात, सावकाश पितात. म्हणजे पहिल्याच परिच्छेदात दोन वर्ग आणि त्यांच्यातली भिंत उभी राहिली. मग येतो कुंग यीजी, लांब अंगरखा घालून उभ्यानं पिणारा एकटा माणूस. शिकलेला, पण परीक्षेतली सर्वांत खालची पदवीही न मिळालेला. त्याचे कपडे एका जागेचे, पाय दुसऱ्या जागेत. शेवटी एका पदवीधर बड्याच्या घरी चोरी केली म्हणून त्याचे पाय मोडले जातात आणि तो हातांवर सरपटत येऊन गल्ल्याच्या खाली, उंबरठ्याकडं तोंड करून बसतो. आत बसणारे, बाहेर उभे राहणारे आणि गल्ल्यावरून दिसतही नाही असा एक. तीन उंच्यांत अख्खा समाज आला. मालकाला त्याची आठवण येते ती त्याच्या नावावरच्या 19 पैशांच्या उधारीमुळं.

आता 1924 ची 'झू फू' वाचा, इंग्रजीत ती 'न्यू इयर सॅक्रिफाइस' या नावानं मिळेल. याच गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन. शियांगलिनची बायको विधवा आहे. सासरहून पळून ती लू या बाजारगावातल्या एका घरी कामाला लागते, पगार महिना 500 नाणी. सासू तिला बांधून नेते आणि डोंगरातल्या एका कुटुंबात दुसरं लग्न लावून देते, म्हणजे विकतेच. त्यात सासूला 80,000 नाणी मिळतात. त्यातून ती धाकट्या मुलाचं लग्न उरकते, नवऱ्या मुलीचं मोल 50,000, आणि खर्च जाऊन वर दहा हजारांहून जास्त उरतात. डोंगरातली म्हणून जास्त किंमत आली, कारण तिथं मुलगी द्यायला कुणी तयार नसतं. गाव-डोंगर हा फरक इथं थेट पैशात मोजलेला आहे.

दुसरा नवरा तापानं जातो, मुलगा लांडगा नेतो, ती परत येते. आता ती दोनदा विधवा. वर्षअखेरच्या पूजेत सगळी तयारी बायका करतात, कोंबड्या कापण्यापासून भांडी घासण्यापर्यंत, आणि पूजेला वाकायचा अधिकार मात्र फक्त पुरुषांचा. या बायकांतही ती आता खालची ठरते: तिनं पूजेच्या वस्तूंना हात लावायचा नाही. कुणीतरी तिला भीती घालतं की मेल्यावर दोन नवरे तुझे दोन तुकडे करून वाटून घेतील, तेव्हा भूमिदेवाच्या देवळाला उंबरठा दान कर, हजारो लोक त्यावर पाय देतील आणि तुझं पाप फिटेल. उंबरठ्याची किंमत 12,000 नाणी. तिच्या आधीच्या पगाराच्या हिशेबानं दोन वर्षांची कमाई. देवळाचा पुजारी आधी नाही म्हणतो, ती रडल्यावर घेतो. साठलेला पगार उचलून चांदीची 12 नाणी मोजून ती गावाच्या पश्चिम टोकाला जाते आणि उंबरठा देऊन येते. त्यानंतर पूजेच्या दिवशी ती निर्धास्तपणे दारूचे प्याले आणि चॉपस्टिक मांडायला जाते, आणि मालकीण ओरडते: राहू दे ते! पैसे देवळानं घेतले, पण घरातला उंबरठा तसाच राहिला. इथं हे नीट पाहा की मालकीण क्रूर बाई म्हणून रंगवलेली नाही. ती नेमून दिलेली जागा राखतेय. आणि म्हणूनच त्या एका वाक्यानंतर शियांगलिनची बायको खचते.

लू शुनच्याच 'आ क्यू' (1921–22) मध्ये हीच गोष्ट आडनावाच्या वाटेनं येते. आ क्यू गावच्या भूमिदेवाच्या देवळात झोपतो, म्हणजे गावात राहूनही त्याला घर नाही. एकदा तो झाओ घराण्याशी नातं सांगतो आणि झाओसाहेब त्याच्या मुस्काटात मारतात: तुझी लायकी काय झाओ असायची! आडनाव ही तिथं सामाईक मालमत्ता आहे, तिच्या देवघरासकट, कुळाच्या जमिनीसकट.

इथं मराठी वाचकाची नेहमीची चूक होते, म्हणून जरा थांबतो. झाओ शूलीची 1943 ची 'ली योउत्साय' ही दीर्घकथा उघडली की आपल्याला गावकुसाबाहेरची वस्ती आठवतेच. शान्सी प्रांतातलं यानजियाशान गाव. पश्चिम टोकाला विटांचे माडीवाले वाडे, मध्ये बैठी घरं, पूर्वेला जुन्या झाडाखाली मातीत कोरलेली वीस-तीस लेणीवजा घरं. जमीन बऱ्यापैकी सपाट, पण छपरांकडं पाहिलं तर पश्चिमेकडून पूर्वेकडं उतार दिसतो, असं लेखक सांगतो. पश्चिमेला सगळे यान आडनावाचे. पूर्वेला अर्धे बाहेरून येऊन पडीक जमीन फोडणारे, अर्धे दिवस फिरलेले इतर आडनावांचे. पण पुढचं वाक्य सोडू नका: पूर्व टोकाला यान आडनावाची तीन घरंही आहेत, आणि ती दिवाळं निघून घर विकून तिथं आलेली आहेत. आपल्या गावकुसात असं होत नाही. तिथं माणूस गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला घसरू शकतो, आणि क्वचित चढूही शकतो. पिढीजात धंद्याची बलुतेदारीसारखी वाटणी नाही. म्हणून त्या गावातली भीती घसरण्याची आहे, आणि जमिनीच्या एकेका तुकड्यावरून एवढी भांडणं, एवढे कागद, एवढी लबाडी आहे ती त्यामुळं. अपवाद आहेत. लू शुनच्याच शाओशिंगमध्ये दुओमिन नावाचे लोक पिढ्यान्पिढ्या हीन मानले जायचे आणि त्यांच्यावर त्यानं 1933 मध्ये लेखही लिहिला. पण सर्वसाधारण गावाचा तो कणा नव्हता.

झाओ शूली हा लू शुनच्या उलट बाजूनं लिहितो. लू शुनचा निवेदक बहुतेकदा शहरातून परत आलेला शिकलेला माणूस असतो, आणि त्याला गाव थिजलेलं दिसतं. झाओ शूली शेतकऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवता यावं म्हणून लिहायचा. त्याच्या गावात सरकारी कार्यकर्ता येतो, पश्चिमेकडच्या वाड्यात उतरतो, जेवतो आणि गाव आदर्श आहे असा अहवाल देतो. दुसरा कार्यकर्ता येतो, पूर्वेच्या झाडाखाली जातो, खळ्यावर काम करतो आणि दोन दिवसांत सगळं बाहेर येतं. अधिकारी कुठं उतरला यावर त्याला काय दिसणार हे ठरलं. ही खूण पुढं भूसुधारणेच्या सगळ्या कादंबऱ्यांत उपयोगी पडते: कार्यकर्ता पहिल्या रात्री कुणाच्या घरी झोपला?

त्या कादंबऱ्यांपैकी तिंग लिंगची 1948 ची सांगगान नदीवरची कादंबरी वाचा, कारण तिच्यात नकाशा फसवतो. छियान वनक्वे हा गावातला सगळ्यांत मोठा जमीनदार नाही. जमीन त्यानं मुलांच्या नावे वाटून टाकलीय, एक मुलगा सैन्यात पाठवलाय, मुलगी गावच्या सुरक्षा अधिकाऱ्याला दिलीय. कागदावर तो मध्यम शेतकरी, सैनिकाचा बाप, आणि गाव त्याच्यापुढं चळचळा कापतं. एकरांवरून सत्ता मोजायला गेलात तर तो सुटतो. म्हणून नकाशाच्या बाजूला सोयरिकीचीही रेघ ओढायची.

मग 1950 च्या भूसुधारणा कायद्याच्या सुमारास प्रत्येक कुटुंबावर शिक्का बसतो: जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम, गरीब, शेतमजूर. जमीन वाटली गेली, पण शिक्का राहिला आणि तो मुलांनाही लागला. हे शिक्के काढायचा निर्णय झाला 1979 च्या जानेवारीत. म्हणजे जी उतरंड आधी घसरती होती ती तीसेक वर्षं जवळजवळ जन्माची झाली. मला वाटतं की या काळावरच्या उत्तम कादंबऱ्यांचा जीव इथं आहे, आणि इंग्रजी वाचकांकडून तो बऱ्याचदा निसटतो. मो यानच्या 2006 च्या 'लाइफ अँड डेथ आर वेअरिंग मी आउट' मध्ये जमीनदार शिमन नाओला गोळी घालतात, त्याची रखेल गडी लान ल्येनशी लग्न करते आणि जमीनदाराची मुलं लान आडनाव घेतात. आडनाव बदलणं म्हणजे शिक्का टाळायची धडपड. वारं फिरल्यावर त्यातला मुलगा पुन्हा शिमन होतो. आ क्यूला आडनाव सांगितल्याबद्दल मार पडला होता, इथं आडनाव लपवावं लागतं.

याच कादंबरीत लान ल्येन सामुदायिक शेतीत जायला नकार देतो. त्याच्याकडं 3.2 मू जमीन आहे. आजच्या मापानं एक मू म्हणजे सुमारे 667 चौरस मीटर, साडेसहा गुंठे. एकरात सहा मू. म्हणजे हा माणूस साधारण 21 गुंठ्यांसाठी अख्ख्या गावाशी, स्वतःच्या कुटुंबाशी भांडतो. तो तुकडा चारी बाजूंनी सामुदायिक शेतीनं वेढलेला आहे, आणि तो चांदण्यात जाऊन कसतो. हे मनात गुंठ्यांत करून घेतल्याशिवाय त्या हट्टाचा आकार कळत नाही, म्हणून मापं पाठ असू द्या: एक ली म्हणजे अर्धा किलोमीटर, एक जिन म्हणजे अर्धा किलो, 100 जिनचा एक दान. जुन्या गोष्टींत जमीन उत्पन्नावरूनही मोजतात. माओ दुनच्या 1932 च्या रेशीमकिड्यांच्या कथेत म्हातारा तोंगबाओ '15 दान पाल्याची' तुतीची जमीन गमावतो. हे क्षेत्रफळ नव्हे, तेवढा पाला देणारी जमीन. कोष तर भरघोस आले, पण ते विकत घेणाऱ्या गिरण्याच उघडल्या नाहीत. जमीन गेली आणि वर 30 युआनचं कर्ज. पीक चांगलं येऊनही माणूस बुडतो कसा, हे गावाच्या आतून समजत नाही. त्यासाठी कालव्यातून येणारी छोटी आगबोट आणि लांबचा बाजार नकाशात घ्यावा लागतो.

यावरून गाव आणि बाजारगाव यांत गल्लत करू नका. लू शुनचं लू हे बाजारगाव आहे, आ क्यूचं वेइच्वांग खेडं, शियाओ होंगचं हुलान तालुक्याचं ठिकाण. विल्यम स्किनर या अभ्यासकानं 1964–65 मध्ये मांडलं की चिनी शेतकऱ्याचं खरं जग खेडं नसून बाजाराचा परिसर आहे: सरासरी 18 खेडी, 1,500 कुटुंबं, 50 चौरस किलोमीटर. सोयरिकी, उधारी, बातम्या, तंटे सगळं त्या वर्तुळात. चहाचं दुकान, दारूचं दुकान, बोटीचा धक्का ही ठिकाणं कथांत सारखी का येतात ते यावरून लक्षात येईल.

शियाओ होंगची 'हुलान नदीच्या गोष्टी' तर सार्वजनिक जागेचं काय होतं याचा धडाच आहे. गावातल्या एका रस्त्यावर पाच-सहा फूट खोल चिखलाचा खड्डा. घोडे रुततात, गाड्या अडकतात, कोंबड्या बुडतात. कुणी म्हणतं कडेची भिंत पाडा, कुणी म्हणतं झाडं लावा, खड्डा मातीनं भरू असं एकही माणूस म्हणत नाही. लेखिका त्याचे दोन फायदे नोंदवते. एक, कुणीतरी रुतलं की सगळ्यांना बघायला आणि बोलायला मिळतं. दोन, रोगानं मेलेल्या डुकराचं स्वस्त मांस 'खड्ड्यात बुडालेलं' म्हणून खाता येतं. पुढं याच गावात एका बालवधूला बरं करायच्या नावाखाली सगळ्यांसमोर उकळत्या पाण्यात बुडवतात, आणि भोवती तीच बघ्यांची गर्दी असते. खड्ड्याची पानं कंटाळवाणी वाटून गाळली तर ही गर्दी कुठून आली ते समजणार नाही.

शेन त्सोंगवनची 'बॉर्डर टाउन' (1934) बहुतेक लोक निसर्गरम्य म्हणून वाचतात. तीही हिशेबानं वाचा. पश्चिम हुनानमधलं छादोंग, म्हातारा नावाडी आणि त्याची नात. नाव सार्वजनिक, उतारूंनी पैसे द्यायचे नाहीत. नावाड्याला मिळतात तीन दौ (धान्याचं माप) तांदूळ आणि 700 नाणी. दुसरीकडं मिलिशियाच्या प्रमुखाची मुलगी, हुंड्यात नवी पाणचक्की. धक्क्याच्या मालकाच्या मुलानं चक्की घ्यावी की नाव, ही गावात चर्चा. नाव कुणाच्याच मालकीची नाही, म्हणून ती हुंड्यात देता येत नाही. सगळे भले, सगळे एकमेकांना मदत करणारे, तरी मुलीच्या वाट्याला वाट बघणं येतं. चांगल्या माणसांच्या गावातही मालकी काय करते हे त्यानं फार हळुवारपणे लिहिलंय.

कुळाचं देवघर समजून घ्यायचं असेल तर चेन झोंगशीची 1993 ची 'बायलुयुआन' (पांढऱ्या हरणाचं पठार). शीआनजवळच्या या गावात बाय आणि लू या दोन कुळांचं एकच देवघर. तिथं गावाच्या आचारसंहितेचा शिलालेख बसवतात, तिथंच फटके मारतात, तिथंच नवी सून पूर्वजांसमोर नेतात. गड्याचा मुलगा हेइवा दुसऱ्याच्या रखेलीला, शियाओ-अला, घेऊन येतो तेव्हा दोघांना आत घेत नाहीत, म्हणून ती गावाबाहेरच्या मातीच्या गुहेत राहतात. शेतकरी चळवळीत हेइवा देवघर फोडतो, शिलालेखाचे तुकडे होतात. चळवळ चिरडल्यावर कुळप्रमुख बाय जियाश्युआन ते तुकडे जोडून पुन्हा बसवतो. जोडाच्या रेघा दिसतच राहतात. आता तुमच्या यादीत बघा: देवघरात फटके खाल्लेला बायचा मुलगा पुढं अधिकारी होऊन परत येतो आणि त्याला आत घेतात. हेइवाही परत येऊन गुडघे टेकतो. शियाओ-अ मात्र मारली जाते, आणि तिच्या अस्थींवर मनोरा बांधून तिला कायमची दाबून टाकतात. पुरुषाला परतीचा रस्ता आहे. तो तिला नाही, आणि हे सबंध कादंबरी एकदाही ओरडून सांगत नाही.

1958 नंतर आणखी एक भिंत उभी राहते, ती गावात दिसत नाही: घराची नोंदणी, हुकोउ. खेड्याची नोंद असलेल्याला तेव्हा शहरात नोकरी, शिधा मिळणं जवळपास अशक्य होतं. लू याओच्या 'जीवन' (1982) मध्ये गाओ जियालिन शिकलेला, हुशार, पण वशिल्यानं मिळालेली शहरातली जागा उघड झाली की थेट गावच्या मातीत परत. ही नोंदणी माहीत नसेल तर तो नुसता महत्त्वाकांक्षी, मुलीला फसवणारा तरुण वाटतो. त्याच काळातली गू हुआची 'हिबिस्कस टाउन' (1981) जोडीला घ्या: फरसबंदी रस्त्यावर तांदळाच्या लगद्याचे पदार्थ विकून घर बांधणारी बाई 'नवी श्रीमंत शेतकरी' ठरते आणि तोच रस्ता पहाटे झाडायची शिक्षा तिला मिळते.

शेवटचा टप्पा म्हणून जिया पिंगवाची 'छिनछियांग' (2005). शिया घराण्यातल्या चार भावांची नावं तिआनरेन, तिआनयी, तिआनली, तिआनझी. पहिलं अक्षर पिढीचं, दुसरी मिळून करुणा, न्याय, शिष्टाचार, शहाणपण. जुन्या कादंबऱ्यांत अशा समान अक्षरावरून भावंडं आणि पिढी ओळखता येते. यातला म्हातारा तिआनयी घळ भरून शेतजमीन काढायच्या मागं आहे, पुतण्या म्हणतो रस्त्यालगत भाजीबाजार बांधू. वाद जमिनीचा, पण बाजू घ्यायला गावात तरुणच उरलेले नाहीत. तिआनझी वारतो तेव्हा तिरडीला खांदा द्यायला धडधाकट माणसं पुरत नाहीत. तिआनयी त्याच घळीत दरड कोसळून गाडला जातो. ही कादंबरी पहिल्यांदा हातात घेऊ नका, शेकडो पानं किरकोळ घटनांची आहेत आणि आधीचं गाव ओळखीचं नसेल तर त्यातलं रिकामेपण जाणवत नाही.

क्रम असा ठेवा: 'कुंग यीजी' आणि 'झू फू', मग 'ली योउत्साय', मग 'बॉर्डर टाउन' आणि हुलान, त्यानंतर मो यान. लू शुनची जुनी इंग्रजी भाषांतरं यांग श्येनयी आणि ग्लॅडिस यांग यांची, नवी ज्युलिया लव्हेल यांची. मो यान आणि शियाओ होंगसाठी हॉवर्ड गोल्डब्लाट. भाषांतरात 'चौथे काका', 'सातव्या मावशी' अशी नावं आली की क्रमांक सोडून देऊ नका, तेच वहीत लिहा. कुळात कुणाच्या आधी कोण बसणार ते त्या आकड्यावर ठरतं.